नत्र कमी असलेल्या जमिनीसाठी जनुकीय बदल केलेली ज्वारी : आपल्या कोरडवाहू रानात तिचा उपयोग होईल का?

प्रश्न : कोरडवाहू-मोहोळ

सर्वांना नमस्कार. मोहोळ तालुक्यात आमची साडेसहा एकर जमीन आहे. त्यांपैकी चार एकर मध्यम काळी, दीड-दोन फुटांखाली मुरूम लागणारी आणि पूर्णपणे कोरडवाहू आहे. तिच्यात आजोबांच्या काळापासून रब्बीला मालदांडी ज्वारीच पेरली जाते. मागच्या उन्हाळ्यात मी माती तपासून घेतली. सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के, उपलब्ध नत्र (नायट्रोजन) हेक्टरी १४८ किलो, सामू (पीएच) ८.३ आणि मुक्त चुना ११ टक्के असे आकडे आले. हेक्टरी २८० किलोंच्या खाली नत्र असले की ती जमीन 'कमी' या वर्गात धरतात. आमची जमीन त्या मर्यादेच्या जवळपास निम्म्यावर आहे.

अहवाल येण्याआधी पीकच हे सांगत होते. पोटरीच्या, म्हणजे कणीस बाहेर पडण्याआधीच्या, सुमारास खालची पाने टोकाकडून पिवळी पडू लागतात, पिवळेपणा मधल्या शिरेवरून देठाकडे उतरत जातो आणि दाणा भरायच्या वेळी ताटावर चार-पाचच हिरवी पाने उरतात. मात्र शेताच्या वरच्या कोपऱ्यात एक जागा वेगळी आहे. तिथे दोन वर्षांपूर्वी शेणखताचा ढीग पावसाळाभर पडून होता. पुढे खत शेतभर विस्कटले, पण ढिगाच्या बुडाची ती आठ-दहा हातांची जागा अजून ओळखू येते. मागच्या रब्बीत तेथील ज्वारी भोवतालच्या ज्वारीपेक्षा हातभर उंच होती आणि पाने काळपट हिरवी होती. त्या जागेतली दहा कणसे आणि तेथून दहा पावलांवरची दहा कणसे मी वेगवेगळी मळून तराजूवर घातली. खताच्या जागेतील दाणे ७२० ग्रॅम भरले, बाहेरचे ३९० ग्रॅम. बियाणे एकच, पेरणी एकाच दिवसाची, पाऊसही तोच.

अलीकडे एका मेळाव्यात असे ऐकले की, जनुकीय बदल केलेली तृणधान्ये आता येत आहेत, ती नत्र कमी असलेल्या जमिनीतही भरपूर उतारा देतील आणि युरियाची गरजच उरणार नाही. ऐकताना आनंद झाला. पण घरी येताना त्या कोपऱ्यातील ज्वारी डोळ्यांपुढे येत राहिली. माझ्याकडे फरक पडला तो बियाण्याने नव्हे, मातीने. म्हणून जाणकारांना दोन गोष्टी विचारतो. असे बियाणे खरोखर आहे का, आणि ते नेमके काय करते? आणि जर ते माझ्या जमिनीतून जास्त पीक काढणार असेल, तर त्या जास्तीच्या दाण्यांतील नत्र येणार कुठून? आज १४८ आहे, दहा वर्षांनी १०० झाले तर मुलांच्या हाती मी काय देणार?


उत्तर : पेशी-ते-पीक

दादा, आपण कणसे तोलून प्रश्न विचारला आहे, त्यामुळे उत्तरही मोजूनमापूनच द्यायला हवे. मी वनस्पतींच्या जनुकांवर संशोधन करते; मूळची सांगोला तालुक्यातली आहे. आधी सरळ उत्तर देते. नत्र कमी असलेल्या जमिनीसाठी जनुकीय बदल केलेली ज्वारी आज शेतकऱ्याला विकत मिळत नाही. तशी कोणी देऊ केली तर घेऊ नका.

मेळाव्यात जे सांगितले गेले त्यात दोन वेगळ्या कामांची सरमिसळ झाली आहे. एक काम आहे हवेतील नत्र पिकाला स्वतः घेता यावे यासाठीचे. दुसरे आहे जमिनीत आहे तेच नत्र पिकाने अधिक शोषावे आणि काटकसरीने वापरावे यासाठीचे. पहिल्याने युरिया खरोखर कमी होऊ शकतो. दुसऱ्याने मातीत नव्या नत्राची कणभरही भर पडत नाही. तुमचा दुसरा प्रश्न याच फरकावर बोट ठेवतो.

पहिल्या कामाविषयी. हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण त्याच्या दोन अणूंमधला बंध इतका घट्ट आहे की कोणतेही पीक तो स्वतः तोडू शकत नाही. तो तोडतात काही जिवाणू, आणि तेही नायट्रोजिनेज या विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने. तुरीचे किंवा हरभऱ्याचे रोप उपटून मुळावरची गाठ नखाने फोडली की आतून गुलाबी-तांबूस रंग दिसतो. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा असतो, आणि त्याचे काम म्हणजे गाठीत मोकळा प्राणवायू वाढू न देणे, कारण प्राणवायू लागला की नायट्रोजिनेज निकामी होते. शिवाय नत्राचा एक रेणू फोडायला पेशीतील ऊर्जा वाहणाऱ्या एटीपीचे निदान १६ रेणू खर्ची पडतात आणि हा सगळा खर्च झाड आपल्या साखरेतून भागवते. म्हणजे ज्वारीला ही विद्या द्यायची तर एक जनुक घालून भागत नाही; विकराचे भाग, त्याच्या गाभ्यातील लोह-मॉलिब्डेनमची जुळणी, प्राणवायूपासून बचाव आणि ऊर्जेचा पुरवठा एवढे सगळे एकत्र जमावे लागते. २०१७ साली ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी यासाठी लागणारी १६ प्रथिने तंबाखूच्या पेशींतील तंतुकणिकांमध्ये, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांत, तयार करून दाखवली. ते मोठे पाऊल होते, पण त्या झाडाने हवेतील नत्र खाल्ले असा त्याचा अर्थ नव्हता. केंब्रिजमधील एक गट वेगळ्या वाटेने जातो आहे. तृणधान्यांच्या मुळांना मायकोरायझा या मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीशी सोयरीक जुळवण्याची संकेतयंत्रणा आधीपासून असते, आणि कडधान्यांची गाठींतल्या रायझोबियम जिवाणूंशी होणारी ओळखही बऱ्याच अंशी तीच यंत्रणा वापरते. तेव्हा तृणधान्यातही गाठी घडवता येतील का, हे ते पाहत आहेत. दोन्ही वाटा खऱ्या आहेत आणि दोन्ही अजून प्रयोगशाळेच्या आसपासच आहेत.

निसर्गाने मात्र एक नमुना आधीच करून ठेवला आहे. मेक्सिकोतील ओहाका प्रांताच्या डोंगराळ भागात मक्याची एक स्थानिक जात आहे. तिच्या ताटावर जमिनीच्या बऱ्याच वरपर्यंत मुळे फुटतात, त्यांतून घट्ट, चिकट स्राव गळतो आणि त्या स्रावात नत्र स्थिर करणारे जिवाणू राहतात. हे पीक आपल्या एकूण नत्रापैकी २९ ते ८२ टक्के नत्र हवेतून मिळवते, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. ज्वारीच्याही काही जातींत हवाई मुळांवर असा स्राव आढळला आहे. परंतु त्या मुळांना दमट हवा लागते, आणि आपली मालदांडी तर पाऊस संपल्यावर, कोरड्या थंडीत, जमिनीतल्या ओलीवर वाढते. सोलापूरच्या जानेवारीत ताटावरची मुळे ओली कशी राहणार? म्हणून या वाटेकडून आपल्या रब्बी पिकाला लवकर काही मिळेल असे मला वाटत नाही.

दुसरे काम बरेच पुढे गेले आहे. २००८ मध्ये सातूतील ॲलॅनिन अमिनोट्रान्सफरेज या विकराचे जनुक भाताच्या मुळांत कार्यान्वित करण्यात आले, तेव्हा त्या भाताने नत्र अधिक घेतले आणि उत्पादनही वाढले. चीनमधील संशोधकांनी २०१८ साली त्याहून मूलभूत गोष्ट उलगडली. हरितक्रांतीच्या बुटक्या भात-गव्हात वाढ रोखणारी जी प्रथिने साठतात, तीच नत्राचे शोषणही मंदावतात, त्यामुळे त्या जातींना खत भरभरून द्यावे लागते. आणि जीआरएफ-४ या जनुकाचे काम वाढवले की बुटकेपणा न गमावता नत्राचा वापर सुधारतो. हे वाचताना मला लगेच मालदांडी आठवली. ती बुटकी नाही, आणि ज्वारीतल्या बुटकेपणाचे एक प्रमुख जनुक तर अगदी वेगळ्या मार्गाने, झाडातील ऑक्सिन या वाढीच्या संप्रेरकाच्या वहनातून, काम करते. भातात जे साधले ते ज्वारीत उचलून ठेवता येत नाही, ते असे.

याचा आणखी एक दाखला ज्वारीचाच आहे. मक्यातील डॉफ-१ हे जनुक एका लहानशा प्रयोगवनस्पतीत घातल्यावर ती कमी नत्रातही चांगली वाढली, असे जपानमध्ये २००४ साली दिसले. पुढे तेच जनुक गव्हात आणि ज्वारीत घालून पाहिले गेले. ज्या झाडांत ते सर्व अवयवांत सतत चालू ठेवले होते, त्यांत प्रकाशसंश्लेषणाची जनुके मंदावली आणि गव्हाची उंची व वाढ घटली. ज्वारीतही तसाच कल दिसला. गव्हात ते मुख्यतः पानांपुरते चालू ठेवले तेव्हा मात्र लाभ झाला. २०१७ सालचा हा निष्कर्ष मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते, कारण कोणते जनुक, याइतकेच ते कुठे आणि केव्हा चालू राहते, हेही महत्त्वाचे असते.

कायद्याविषयी थोडक्यात. भारतात प्रत्यक्ष पिकवले जाणारे मान्यताप्राप्त पारजनुकीय, म्हणजे परके जनुक घातलेले, पीक म्हणजे २००२ पासूनचा बीटी कापूस. बीटी वांग्याला फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती मिळाली. डीएमएच-११ या पारजनुकीय मोहरीला ऑक्टोबर २०२२ मध्ये पर्यावरणीय मान्यता मिळाली, पण जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे मत तिच्याबाबत वेगवेगळे पडले. जनुक संपादनाची गोष्ट निराळी आहे. त्यात परके जनुक न ठेवता पिकाच्या स्वतःच्याच जनुकात नेमका बदल केला जातो, आणि अशा ठरावीक प्रकारांना मार्च २०२२ मध्ये काही नियमांतून सूट देण्यात आली. त्यानंतर मे २०२५ मध्ये भाताच्या दोन जनुकसंपादित जाती जाहीर झाल्या. रब्बी ज्वारीत नत्रासाठी काही व्हायचे असेल तर ते याच वाटेने होईल, असा माझा अंदाज आहे.


उत्तर : बार्शीचा मृदाशिक्षक

ताईंनी बियाण्याची बाजू नीट मांडली आहे. मी आयुष्यभर मृदाशास्त्र शिकवले, तेव्हा नत्र येणार कुठून, या प्रश्नाचा हिशेब मी मांडतो.

आपल्या वरच्या सहा इंच मातीचे वजन हेक्टरी साधारण २० लाख किलो धरतात. तिच्यात ०.३८ टक्के कर्ब म्हणजे ७,६०० किलो कर्ब. कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण दहा ते बारास एक असे धरले, तर त्या थरात एकूण नत्र सहाशे ते साडेसातशे किलो आहे. हे नत्र कणगीत आहे, पण कणगीला कुलूप आहे, आणि ते कुलूप मातीतले सूक्ष्मजीव उघडतात. त्यासाठी त्यांना ओल लागते आणि खायला कर्ब लागतो. रब्बीत वरचा थर लवकर वाळतो. तेथील सूक्ष्मजीव थंडावतात, आणि मुळे ओलीच्या मागे खाली जातात, जिथे नत्र आणखी कमी असते. म्हणून आपल्याकडे नत्राची भूक आणि पाण्याची तहान वेगळी काढता येत नाही. जुने लोक 'एक कोळपणी आणि अर्धे पाणी' म्हणतात. त्या कोळपणीने भेगा बुजतात, ओल टिकते आणि त्या ओलीवर थोडे नत्रही मोकळे होते.

आता जमेसमोर खर्च मांडू. हेक्टरी दहा क्विंटल दाणे निघाले, तर त्यांतून साधारण १६ किलो नत्र शेताबाहेर जाते. पंचवीस क्विंटल कडबा निघाला, तर अर्धा टक्का धरून आणखी १२ किलो. एकूण २८ किलो. आपल्या भागात कडबा शेतात राहत नाही, तो गोठ्यात किंवा बाजारात जातो, आणि जनावरे कमी झाल्यापासून त्याचे शेण परत शेतात येण्याची वाटही अरुंद झाली आहे. अशा शेतात नत्र जास्त शोषणारे बियाणे पेरले आणि उत्पादन दीडपट झाले, तर बाहेर जाणारे नत्रही ४२ किलोंकडे सरकते. वरून काही घातले नाही तर ती भर जमिनीच्या कर्बातूनच निघते. पहिली काही वर्षे शेतकरी खूश राहील आणि नंतर जमीन बसेल. विहिरीला पाझर न वाढवता मोठी मोटार बसवल्यासारखे हे आहे. त्यामुळे, दादा, मुलांच्या हाती काय देणार, ही तुमची शंका अगदी रास्त आहे आणि कोणत्याही मेळाव्यात ती उभे राहून विचारली पाहिजे.

असे असले तरी मी या संशोधनाला निरुपयोगी मानत नाही. आपण युरिया घालतो त्यातला मोठा भाग पिकापर्यंत पोहोचतच नाही. सामू ८.३ आणि चुना ११ टक्के असलेल्या जमिनीवर युरिया वरून फेकला की त्याचा अमोनिया होऊन तो हवेत उडतो. उन्हे चढल्यावर फेकलेल्या रानात बांधावर उभे राहिले तर कधी नाकालाही जाणवते. जे पीक घातलेल्या नत्रातले जास्त नत्र वेळेवर उचलते, ते ही नासाडी कमी करते. म्हणजे असे बियाणे खताऐवजी नव्हे, तर मोजक्या खताबरोबर वापरायचे. तुमच्या मध्यम जमिनीसाठी कोरडवाहू रब्बी ज्वारीला हेक्टरी ४० किलो नत्र आणि २० किलो स्फुरदाची (फॉस्फरसची) शिफारस आहे. ४० किलो नत्र म्हणजे ८७ किलो युरिया, एकरी सुमारे ३५ किलो. ४५ किलोंची गोणी आज २६६ रुपये ५० पैशांना मिळते, तेव्हा अडचण पैशांची कमी आणि पद्धतीची जास्त आहे. पेरणीच्या वेळीच, बी आणि खत वेगवेगळे सोडणाऱ्या दोन चाड्यांच्या पाभरीने, बियाण्याखाली ओलीत हे खत पडले पाहिजे. नंतर कोरड्या रानात विस्कटलेल्या युरियाचा हिशेब न धरलेलाच बरा.

तुमच्या उकिरड्याच्या जागेविषयी एक सावधगिरीची सूचना करतो. तेथे नत्राने फरक पडला, हे अर्धेच खरे असण्याची शक्यता आहे. शेणखताने तिथे स्फुरद वाढले असेल, चुनखडीच्या जमिनीत दुर्मिळ होणारे जस्त आणि लोह मिळाले असेल, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माती भुसभुशीत होऊन ओल जास्त दिवस टिकली असेल. नोव्हेंबरात त्या जागेत आणि बाहेर वीतभर खोल खणून माती मुठीत दाबून पाहा.

बेवडाचा, म्हणजे आधीच्या पिकाने जमिनीला होणाऱ्या फायद्याचा, विचारही सोडू नका. तुरीचा पाला गळून रानात पडतो, तिची मुळे खोल जातात, आणि तुरीच्या बेवडावर ज्वारी कशी येते हे आमच्या बार्शी भागात कोणालाही विचारा. खरिपात मूग घेऊन त्यावर रब्बी ज्वारी घेता येते, परंतु जून-जुलैचा पाऊस नीट झाला तरच. तुमच्या दोन फुटी जमिनीत कमी पावसाच्या वर्षी मूग ज्वारीच्या वाट्याची ओल पिऊन टाकील. त्यापेक्षा बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावा. त्याच्या वाळलेल्या पाल्यात अडीच टक्क्यांच्या आसपास नत्र असते, आणि निम्मे नत्र पाल्यातून व निम्मे युरियातून देण्याच्या पद्धतीवर सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्रात दीर्घकाळ काम झालेले आहे.


उत्तर : मंगळवेढ्याची शेतकरीण

आमच्या गावाची ओळख ज्वारीच्या कोठाराची आहे. दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारे उघडली ती याच मातीतली, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. त्यामुळे ज्वारीच्या बियाण्यात कोणी बदल करणार म्हटले की आम्ही कान टवकारतो. मी विरोधासाठी लिहीत नाही. मला खरोखर जाणून घ्यायचे आहे.

नत्र म्हणजे प्रथिने, असे मला शिकवले गेले. थोड्या नत्रात जास्त दाणे भरणारी ज्वारी तयार झाली, तर दाण्यातले प्रथिन पातळ होणार नाही का? आमच्या घरात दोन वेळची भाकरी हेच मुख्य अन्न आहे. भाकरी पांढरी, गोड आणि संध्याकाळपर्यंत मऊ राहणारी हवी. परातीत थापताना कड चिरली की सासूबाई पीठ बघूनच सांगतात की ही मालदांडी नव्हे. उताऱ्याचा आकडा सांगताना या गोष्टी कोणी मोजत नाही. कडब्याचेही तेच आहे. दाण्याला भाव नसलेल्या वर्षी कडब्याच्या पेंडीनेच आमचा खर्च निघाला आहे, आणि जनावरे कोणते धाट चघळतात व कोणते टाकून देतात, हे गोठा झाडणारीला ठाऊक असते.

दुसरी गोष्ट बियाण्याच्या मालकीची आहे. आम्ही दरवर्षी भरदार कणसे निवडून, उन्हात वाळवून, राखेत घालून बियाणे ठेवतो. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा आणि शेजाऱ्याला देण्याचा हक्क दिला आहे. कापसाच्या संकरित बियाण्यासारखी ही ज्वारीही दर हंगामाला विकत घ्यावी लागणार असेल, तर तिचा आम्हाला उपयोग नाही. तीन वर्षांपूर्वी मी एका दुकानातून 'हवेतील नत्र पिकाला देणारे' म्हणून एक महागडी बाटली आणली होती. तिच्यावर जिवाणूचे नाव नव्हते आणि मुदतीची तारीख खोडलेली होती, हे मी घरी आल्यावर पाहिले. पिकात काहीच फरक पडला नाही. तेव्हापासून 'नत्र आपोआप मिळेल' असे वाक्य ऐकले की मी आधी विचारते : कोणी तपासले, कोणत्या रानात, आणि किती वर्षे?


उत्तर : पेशी-ते-पीक

ताई, प्रथिनांविषयीची आपली शंका बिनबुडाची नाही. उत्पादन वाढले आणि शोषलेले नत्र त्या प्रमाणात वाढले नाही, तर दाण्यातील प्रथिनांचे प्रमाण घटते. हे गव्हात वर्षानुवर्षे दिसत आले आहे. म्हणून अशा कोणत्याही वाणाच्या चाचणीत क्विंटलबरोबर प्रथिने, भाकरीची प्रत आणि कडब्याची पचनीयता मोजली गेलीच पाहिजे, आणि ती मागणी आपल्यासारख्यांनीच केली पाहिजे. बियाण्याच्या मालकीबाबत मी आपल्या बाजूची आहे. मालदांडी ३५-१ मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक वाणातून निवडली गेली आणि पिढ्यान् पिढ्या घरोघरी राखली गेली. ज्वारी बहुतांशी स्वपरागित असल्यामुळे, सार्वजनिक संस्थेने सरळ वाणात असा बदल केला तर तेही बियाणे तसेच राखता येईल. बहुतांशी असे म्हटले, कारण काही टक्के परपरागीकरण होते आणि ज्वारीची रानटी भावंडे बांधावर उगवतात. परके जनुक घातलेल्या ज्वारीच्या बाबतीत हा धोका आधी तपासायला हवा. त्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

सरांच्या हिशेबाला एक पुरवणी जोडते, कारण ती ज्वारीच्याच मुळांतून निघते. ज्वारीच्या केशमुळांवर सूक्ष्मदर्शकाखाली सोनेरी-पिवळ्या तेलकट थेंबांच्या रांगा दिसतात. मी त्या प्रथम पाहिल्या तेव्हा बराच वेळ डोळा काढवला नाही. त्यांतील मुख्य द्रव्य सोर्गोलिओन. अमोनियमचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणाऱ्या जिवाणूंना ते आवर घालते, त्यामुळे नत्र धुऊन किंवा वायू होऊन जाण्याआधी मुळांजवळ जास्त काळ टिकते. जपानमधील संशोधक आणि हैदराबादजवळची इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीकसंशोधन संस्था यांनी यावर एकत्र काम केले आहे. रानटी गवताचा असाच गुण गव्हात आणण्याचे काम २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. ते दूरच्या संकरातून झाले, पारजनुकीय पद्धतीने नव्हे. ज्वारीत तर हा गुण घरचाच आहे, फक्त वाणावाणांत तो कमी-जास्त असतो. जास्त सोर्गोलिओन स्रवणारे वाण निवडणे किंवा त्याची जनुके संपादित करणे, हे काम मला ज्वारीसाठी सर्वांत जवळचे वाटते. पण त्यातही एक अट आहे. चुनखडीच्या, उच्च सामूच्या जमिनीत नत्र अमोनियमच्या रूपात जास्त काळ राहिले आणि ते वरच्या थरात असले, तर अमोनिया होऊन उडण्याचा धोका वाढतो. म्हणजे सरांनी सांगितलेली पाभर इथेही सुटत नाही.


प्रश्नकर्ता : कोरडवाहू-मोहोळ

सर्वांचे मनापासून आभार. सर, तुमचा २८ किलोंचा हिशेब मी वहीत उतरवून घेतला आणि मागच्या पाच वर्षांत मी वरून किती नत्र दिले ते मांडून पाहिले. तीन वर्षे दिलेले नत्र गेलेल्या नत्रापेक्षा कमी होते. आता एवढेच विचारतो : माझ्या रानात अडचण नत्राची आहे की ओलीची, हे मला माझ्याच शेतात कसे कळेल? कारण अडचण ओलीची असेल, तर नत्रासाठी बदललेले बियाणे उद्या खरोखर आले तरी माझ्या कामाचे नाही.


उत्तर : बार्शीचा मृदाशिक्षक

यंदाच्या रब्बीत एकेक गुंठ्याचे चार तुकडे आखा. स्फुरद सगळ्यांना सारखेच द्या. पहिल्यात युरिया अजिबात नको. दुसऱ्यात शिफारशीप्रमाणे ८८० ग्रॅम युरिया, तिसऱ्यात त्याच्या दुप्पट, दोन्ही पेरणीच्या वेळी आणि बियाण्याखाली. चौथ्यात दुसऱ्याइतकाच युरिया, पण त्याशिवाय चांगले कुजलेले दोन पाट्या शेणखत प्रत्येक तासात (पेरणीच्या ओळीत). दुसऱ्यापेक्षा तिसरा तुकडा स्पष्ट सरस ठरला, तर तुमचे रान खरोखर नत्राचे भुकेले आहे आणि नत्राचा चांगला वापर करणाऱ्या वाणाला तिथे वाव आहे. तिसरा दुसऱ्याइतकाच राहिला आणि चौथा पुढे गेला, तर तुमच्या कोपऱ्यातील ज्वारी नत्रापेक्षा कर्बाने, ओलीने किंवा जस्ताने वाढली होती, असे समजा. दाणे आणि कडबा दोन्ही तोला, आणि प्रत्येक तुकड्यातील पावशेर दाणे वेगळे बांधून ठेवा. मंगळवेढ्याच्या ताईंना भाकरी करून पाहायला लागतील.


प्रश्नकर्ता : कोरडवाहू-मोहोळ

तसेच करतो. उकिरड्याचा कोपरा टाळून, शेताच्या मधल्या सरळ पट्टीत चारही तुकडे आखतो, म्हणजे मातीची खोली सारखी राहील. खुंट्या आजच तासून ठेवल्या आहेत. पेरणीला वाफसा आला की तारीख आणि ओलीची खोली येथे कळवीन, आणि फेब्रुवारीत वजने.